दिवाळीत सगळे जमणार : जुने अल्बम आणि गप्पांचा दिवस कसा बेतावा?

ओसरी
नमस्कार मंडळी. भाऊबीजेला सदाशिव पेठेतल्या घरी तीन पिढ्या एकत्र येणार आहेत. सगळ्यात मोठ्या आत्या नव्वदीला टेकल्यात, सगळ्यात धाकटी भाची सहावीत. माळ्यावरच्या ट्रंकेत चिकट पानांचे अल्बम, काळ्या कागदाचा एक जुना अल्बम, सुटे फोटो, निगेटिव्हची पाकिटं, चार-पाच कॅसेटी आणि पत्रांचा गठ्ठा आहे. फोटोंमधली निम्मी माणसं आता फक्त आत्या आणि काका ओळखू शकतात.

माझं म्हणणं असं, की आठवणींचा आनंद हा चार माणसांत बसून घ्यायचा असतो, आणि नावं सांगणारी माणसं आहेत तोवरच तो पुरता मिळतो. म्हणून एक दिवस नीट बेतायचा आहे. फोटो कसे सोडवायचे, गप्पा कशा ध्वनिमुद्रित करायच्या आणि या सगळ्याचं पाहुण्यांना ओझं होऊ नये म्हणून काय करायचं? जाणकारांनी खुलासेवार लिहावं.

निगेटिव्हवाला
सर्वात आधी ट्रंक माळ्यावरून खाली आणा, आजच. स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात दमट होतो, फोटोला दोन्ही वाईट. पुण्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि ६५ च्या पुढे बुरशी वाढते. आतल्या भिंतीच्या कपाटात, मधल्या खणात ठेवा. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर काढून टाका.

आता चिकट पानांचे अल्बम. सत्तर-ऐंशीच्या दशकात हे घराघरांत आले. पानावर डिंकाच्या रेघा आणि वरून प्लॅस्टिकचा पडदा. तो डिंक आम्लधर्मी असतो. वर्षं गेली की पिवळा पडतो आणि फोटोची पाठ धरून ठेवतो. सोडवण्याची रीत अशी :

आधी प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो काढा, म्हणजे क्रम आणि शेजारी लिहिलेला मजकूर राहील. मग प्लॅस्टिकचा पडदा हळूच उलटा. दात साफ करायचा मेणाचा, बिनवासाचा दोरा घ्या, साधारण हातभर. फोटोच्या एका कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा मागेपुढे ओढत पुढे सरका. फोटो वर उचलायचा नाही, दोऱ्यानेच पुढे जायचं. अडला तर पानाच्या मागच्या बाजूने हेअर ड्रायर अगदी मंद आचेवर काही सेकंद फिरवा आणि पुन्हा दोरा घाला. फोटोच्या तोंडावर ड्रायर कधीही नाही.

तरीही निघत नसेल तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. नखाने किंवा सुरीने ओढलेला फोटो मधोमध दुमडतो, वरचा थर तडकतो आणि ती रेघ कायमची राहते.

अंजिरी
काळ्या कागदाच्या अल्बमला हात लावू नका! कोपऱ्यांच्या चिमट्यात बसवलेले फोटो तिथे सुखात आहेत. त्या क्रमालाही अर्थ असतो. कुणी कुणाशेजारी कोणता फोटो लावला यातही घर दिसतं. दोन पानांच्या मध्ये पातळ आम्लविरहित कागद घाला. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. साधा बटर पेपर मात्र आम्लविरहित असेलच असं नाही, विचारून घ्या.

तळजाई
फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो असेल तर? आजोबांच्या फोटोंचं हटकून हेच झालेलं असतं.

निगेटिव्हवाला
@तळजाई, ओढायचा नाही. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो मऊ होतो आणि वाळताना काचेला धरतो. काचेसकट स्कॅनरवर पालथा घाला आणि आहे तसा स्कॅन करा. काच स्वच्छ असेल तर उत्तम येतो. मूळ प्रत सोडवायचीच असेल तर कागद-फोटो संवर्धन करणाऱ्या माणसाकडे द्या.

बुरशीचंही इथेच सांगतो. पांढरी जाळी दिसली की पुष्कळ जण ओल्या फडक्याने पुसतात. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे चेहराच पुसला जातो. फोटो आधी कोरड्या हवेत, सावलीत राहू द्या. मग तोंडाला मास्क लावून गच्चीत मऊ ब्रशने झटका.

डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या तर रंग बदलणारे मणी घ्या. नारिंगी मणी हिरवट झाले की ओल भरली समजायचं. ओटीजीमध्ये ११०-१२० अंशांवर तासभर तापवले की पुन्हा नारिंगी.

कोथरूडकर
स्कॅनिंगचा हिशेब. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. मूळ आकाराच्या दुप्पट छापला तरी स्वच्छ दिसतो. पासपोर्टएवढा छोटा फोटो किंवा ज्यात माणसं बारीक दिसतात असा ग्रुप फोटो १२०० ला घ्या. मूळ प्रत टिफ या मोठ्या, दर्जा न घटवणाऱ्या फाईलमध्ये, वाटायची प्रत जेपेग या लहान फाईलमध्ये. स्कॅनर नसेल तर मोबाईल चालतो. खिडकीचा अप्रत्यक्ष उजेड घ्या, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोला समांतर, आणि फोटो पांढऱ्या नव्हे तर काळ्या कागदावर.

अडचण येते ती खडबडीत कागदाच्या फोटोंना. त्या काळी स्टुडिओवाले मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला कागद वापरत आणि स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो म्हणून त्या नक्षीचे पांढरे ठिपके येतात. असा फोटो टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे लावा आणि वरून टिपा. ठिपके जातात.

लालसर झालेले रंगीत फोटो पाहून घाबरू नका. जुन्या रंगीत कागदातलं निळसर रंगद्रव्य अंधारातसुद्धा आधी उडतं आणि उरतो तो लाल-पिवळा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग पूर्ववत करायची सोय असते, पण न सुधारलेली प्रत आधी जपा आणि सुधारणा दुसऱ्या प्रतीवर करा.

मुठाकाठ
निगेटिव्ह असतील तर फोटोंपेक्षा तीच आधी. चौकोनी मोठी, साधारण ६ बाय ६ सेंटीमीटरची निगेटिव्ह दिसली तर बहुतेक आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याची. १२० च्या रोलवर बारा फोटो यायचे. त्या साध्या भिंगाला १६०० डीपीआय भरपूर झालं. ३५ मिलिमीटरच्या पट्ट्यांना मात्र २४०० ते ३२०० हवेत, आणि स्कॅनरला झाकणात दिवा असलाच पाहिजे, नाहीतर काळा चौकोन येतो. पट्टी काठाने धरा. काठावरची अक्षरं ज्या बाजूने सरळ वाचता येतात ती चकचकीत बाजू. निस्तेज बाजूला बोट लागू देऊ नका. पाकिटाला व्हिनेगरसारखा वास आला तर ती पट्टी लगेच वेगळी करा. फिल्मचा पाया कुजायला लागल्याची ती खूण आहे आणि शेजारच्या पट्ट्यांनाही ती लागते.

शुक्रवार_सकाळ
तांत्रिक बाजू छान आली. पण ओसरीताई, खरं काम नावांचं आहे, आणि आपल्याकडे ते अवघड आहे.

प्रत्येक घरात दोन नाना, तीन ताई आणि एक बाळ असतो. "नाना आणि ताई, महाबळेश्वर" एवढं लिहून ठेवलेला फोटो पुढच्या पिढीला मुका. त्यात लग्नात बायकांचं नाव बदलायची रीत. आडनाव बदललंच, पण पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही बदललं. माहेरच्या अल्बममध्ये एक नाव, सासरच्या अल्बममध्ये दुसरं, आणि दोन्हींतली बाई एकच हे नातवंडांना ठाऊकच नाही. म्हणून प्रत्येक माणसाच्या चार गोष्टी लिहा : पूर्ण नाव, माहेरचं नाव, घरातलं हाकेचं नाव आणि कुणाचं कोण. "काकू" लिहू नका, कुणाची काकू ते लिहा.

माणसं डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी. ओळखू न आलेल्या माणसाची जागा गाळायची नाही. "अनोळखी, मागे डावीकडून तिसरे" असं लिहायचं, म्हणजे पुढे कुणी ओळखलं तर भरता येतं.

अंजिरी
+१. आणि फोटोच्या पाठीवर बॉलपेन नको, पुढच्या बाजूला वळ उमटतात. जुन्या जाड कागदाच्या फोटोवर ६बी पेन्सिलीने, काठाजवळ, हलक्या हाताने फक्त क्रमांक घाला. ऐंशीनंतरच्या फोटोंची पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल उठतच नाही. ते फोटो एकेका कागदी पाकिटात घालून क्रमांक पाकिटावर लिहा, फोटो आत सरकवण्याआधी. सगळी माहिती त्या क्रमांकासमोर वहीत.

पेठकर
साल ओळखायच्या खुणा सांगतो, कुटुंबासोबत हा खेळ फार रंगतो. लहान मुलांना पुराव्यांची शोधाशोध द्यावी.

पाकिटावर किंवा अंतर्देशीय पत्रावर पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. त्याआधी पत्त्यात नुसतं "पुणे २" किंवा "पुणे ३०" असायचं. तोच ३० पुढे ४११०३० च्या शेपटीला आला. किंमत "नये पैसे" मध्ये छापलेली असेल तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचं. फोटोत मारुती ८०० असेल तर तो डिसेंबर १९८३ च्या आधीचा असूच शकत नाही. स्कूटरच्या पाटीवर एमएच १२ असेल तर १९८९ किंवा नंतर. मागे बालगंधर्व रंगमंदिर दिसत असेल तर १९६८ किंवा नंतर.

माणसांना सालं आठवत नाहीत, मोठ्या घटना आठवतात. म्हणून "हे कधीचं?" असं विचारू नका. "पानशेतच्या आधीचं की नंतरचं?" असं विचारा. पानशेत धरण फुटून पूर आला ती १२ जुलै १९६१ ही तारीख जुन्या पुणेकरांच्या मनात पक्की आहे. तसंच कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. एशियाड आणि रंगीत टीव्ही, १९८२. या खुंट्यांवर घरातली लग्नं, बारशी, नोकऱ्या अडकवत गेलं की पंधरा मिनिटांत साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतं.

अवांतर : नदीकाठच्या पेठांतल्या पुष्कळ घरांत १९६१ च्या आधीचे फोटोच नाहीत, पुरात गेले. अशा घरांनी बाहेरगावच्या नातेवाईकांकडे विचारावं. तेव्हा फोटोच्या प्रती पत्रातून पाठवायची पद्धत होती. इथला अल्बम वाहून गेला तरी सोलापूरच्या मावशीकडे किंवा इंदूरच्या काकांकडे एक प्रत निघू शकते.

ओसरी
पेठकर, हे सोन्यासारखं आहे. आता गप्पांच्या ध्वनिमुद्रणाबद्दल कुणी सांगेल का?

टेपडेक
मोबाईल पुरेसा आहे. विमान मोड लावा. रेकॉर्डिंग अॅपमध्ये वेव्ह फॉरमॅट, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो निवडा. मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे तासाला ३०० एमबीच्या आसपास, तेवढी जागा आधी मोकळी करा. मोबाईल टेबलावर, खाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे टेबलावर हात आपटल्याचा दणका येत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतर. पंखा बंद. पंखा कानाला जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये अख्खा वेळ घोंघावतो. भाऊबीजेच्या दिवशी बाहेर फटाके असणार, तेव्हा आतली खोली, गाद्या आणि जाड पडदे असलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको, कुकरची शिट्टी नेमकी नावावर येते.

सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने सांगा. फोटो दाखवताना "हा कोण?" एवढंच विचारलं तर नंतर ऐकणाऱ्याला काही कळत नाही. "फोटो क्रमांक ४२, खुर्चीत बसलेले कोण?" असं म्हणा. चाळीस मिनिटांनी थांबा, पाणी द्या. वयस्कर माणसाचा आवाज थकतो, पण आग्रहापोटी ती थांबत नाहीत.

शुक्रवार_सकाळ
प्रश्नांविषयी थोडं. "तुमचं बालपण कसं होतं?" याला उत्तर येतं, "छान होतं." संपलं. जागा विचारा. वाड्याचा दिंडी दरवाजा कुठल्या दिशेला होता? चौकात हौद होता का? नळाला पाणी किती वाजता यायचं आणि रांगेत पहिला नंबर कुणाचा? माडीवर कोणतं बिऱ्हाड? संध्याकाळी ओसरीवर कोण बसायचं? कोरा कागद आणि जाड स्केचपेन द्या आणि वाड्याचा नकाशा काढायला सांगा. हात चालायला लागला की माणसं आपोआप खोल्याखोल्यांतून हिंडायला लागतात. या नकाशावर बिऱ्हाडांची नावं घालून तोही स्कॅन करा.

वय १० ते ३० या काळातल्या आठवणी माणसाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात ठळक राहतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसलेलं आहे. आत्या नव्वदीच्या असतील तर शाळा, लग्न, पहिली नोकरी आणि पहिलं बाळंतपण यांवर वेळ द्या. गेल्या दहा वर्षांचं विचारू नका.

तळजाई
सगळ्यांना एकत्र बसवून मुद्रण करावं. एकाचं चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो आणि त्या वादातूनच तपशील निघतात.

शुक्रवार_सकाळ
तळजाई, अर्धं पटलं. फोटो ओळखण्यासाठी एकत्र बसणं उत्तम. पण आयुष्याबद्दल बोलायचं तर एकेकटं. एकत्र बैठकीत मोठे काका बोलतात आणि आत्या "हो, बरोबर" म्हणत राहतात. सुनांना तर कुणी विचारतच नाही, आणि त्यांच्याकडे दोन घरांच्या आठवणी असतात. सकाळी सगळे मिळून फोटो, दुपारी जेवणानंतर आत्यांबरोबर एकच माणूस, शक्यतो नात. मुलांसमोर जे बोलत नाहीत ते नातीला सांगतात.

वाटण्या, जमीन, जुने रुसवे हे विषय निघाले की मुद्रण थांबवा आणि तसं सांगून थांबवा. मुद्रण चालू आहे हे लपवायचं नाही, आणि कुणाला ऐकवायचं हे बोलणाऱ्यालाच विचारायचं.

सेवासदन
ज्यांच्या घरी विस्मरणाचा आजार असलेलं माणूस आहे त्यांच्यासाठी. "ओळखा पाहू कोण?" हा प्रश्न अजिबात नको. ओळखता आलं नाही की त्यांना सगळ्यांसमोर लाज वाटते आणि मग त्या फोटोंकडेच पाठ फिरवतात. आपणच नाव सांगून सुरुवात करावी : "ही तुमची शाळा, या शेजारी तुमच्या बहीण." मग त्यांना जे बोलायचं ते बोलू द्या. साल चुकलं, माणूस चुकला तर तिथे दुरुस्ती नको.

एका वेळी दोन-तीन फोटो, मोठे छापलेले, चमक नसलेल्या कागदावर, कारण चकचकीत कागदावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि गोंधळ होतो. फोटोपेक्षा वस्तू लवकर काम करते. अडकित्ता, पितळी डबा, उखळ, शिकेकाईचा वास. रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडलं की म्हातारपणी गतायुष्य उजळणं हा रिकामटेकडेपणा नाही, ती मनाची गरज आहे. त्याआधी अशा बोलण्याला पुष्कळदा विकार समजत.

पेठकर
वस्तूंवरून : शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय अशा भेटीला फार चांगलं. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं. वडीलधारी माणसं तिथे प्रत्येक कपाटापाशी थांबून बोलतात, म्हणून सोबत लिहून घेणारं माणूस असावं. वरच्या मजल्यांना जिने आहेत, गुडघे दुखत असतील तर तळमजलाच सावकाश बघा. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या नव्वदीच्या माणसाला नकोत. सारसबाग सपाट आहे आणि तिथून पर्वती दिसते.

जुना वाडा होता ती जागा दाखवायची असेल तर रविवारी सकाळी आठच्या आत रिक्षाने जा. दिवाळीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याच्या आसपास दुपारनंतर रिक्षाही उभी करता येत नाही.

भिशीप्रमुख
सगळे नातेवाईकांबद्दल लिहीत आहेत. वाड्यातली शेजारची बिऱ्हाडं कुठे गेली? त्या फोटोंतली अनोळखी मुलं बहुतेक शेजारची असतात. त्यांना फोन करा आणि त्या दिवशी तासभर बोलवा. नात्यातल्या माणसांना जे ठाऊक नाही ते शेजाऱ्यांना ठाऊक असतं.

रोजच्या मैत्रीचंही असंच आहे, ती टिकवायला वेळ ठरलेली लागते. २०१८ मध्ये जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने हिशेब मांडला होता : ओळखीची मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, घट्ट मैत्रीला २०० च्या वर. टेकडीवर रोज सकाळी अर्धा तास सोबत चालणारी माणसं वर्षाला १८० तास एकत्र असतात. आपल्या कट्ट्यांची ताकद यातच आहे.

भिशी टिकते कारण त्यात पैसा आहे. बारा जणी, दरमहा प्रत्येकी ५०० रुपये, चिठ्ठी निघेल तिला ६,०००. पैसे द्यायचे म्हणून माणूस येतंच, आणि आलं की बोलतंच. भिशी मोडते ती खाण्याच्या चढाओढीने. एकीने तीन पदार्थ केले की दुसरी पाच करते, मग तिसरीला आपली पाळी नकोशी होते. म्हणून पहिल्याच दिवशी नियम हवा : एक तिखट, एक गोड, चहा. तारखेऐवजी वार ठरवा, "दुसरा शनिवार" असा. तारीख वेगवेगळ्या वारी पडते आणि नोकरीवाल्या गळतात.

खडकवासला_वारा
एक वेगळा सूर लावतो. माणसं भेटायला येतात, नोंदवही भरायला नाही. सकाळपासून क्रमांक, स्कॅनर, मुद्रण सुरू केलं तर दुपारी सगळे मोबाईल काढून बसतील. शेकडो फोटोंपैकी चाळीस निवडा. पाठीवर नाव आधीच असलेले, देवदर्शनाचे, डोंगराचे, एकाच क्षणाचे पाच-पाच, हे सगळे बाजूला. ज्यात माणसं आहेत आणि नावं नाहीत तेवढेच बैठकीत आणा.

कोथरूडकर
खडकवासला यांच्याशी सहमत, पण निवड बैठकीपुरती. स्कॅन सगळे करावेत. देवदर्शनाच्या फोटोत मागे उभी असलेली माणसं उद्या महत्त्वाची ठरू शकतात.

वाटपाबद्दल : व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गूगल फोटोजमध्ये सामायिक अल्बम करायचा तर सेटिंगमध्ये मूळ दर्जा निवडा. फुकटची जागा १५ जीबी आणि ती मेलसकट मोजली जाते, तेव्हा टिफ प्रती तिथे टाकू नका. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग क्रमांक, मग जागा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या भावंडाकडे.

टेपडेक
कॅसेटी राहिल्या. वाजवण्याआधी खिडकीतून पाहा : फितीच्या कडेला पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी. ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या कॅसेटला लागते. स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, चिकटलेले वेढे सुटतात. फितीच्या मागे स्पंजचा छोटा ठोकळा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवता येतो. डेक नसेल तर जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळतो, पण तिथेच वाजवून घ्या. आवाज लाटेसारखा हलत असेल तर आतला रबरी पट्टा सैल आहे, तो बदलावा लागेल. लॅपटॉपला जोडताना डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) घ्या आणि आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. वाखू (वाचनखूण) साठवली आहे! आता असं ठरवते आहे.

अल्बम आधीच सोडवून स्कॅन करायचे. चाळीस फोटो मोठे छापायचे, मूळ प्रती कपाटातच. भाऊबीजेला सकाळी दहा ते अकरा ओळख-बैठक, भाची वही लिहील. मग ओवाळणी आणि जेवण : मसालेभात, मठ्ठा, अळूची भाजी, जिलबी. दुपारी आत्यांबरोबर नात, वाड्याच्या नकाशासह. चारला शेजारच्या जुन्या बिऱ्हाडांना चहाला बोलावते. पत्रांचा गठ्ठा मात्र उघडावा की नाही, हा प्रश्न उरला.

पेठकर
पत्रं त्या दिवशी नको. ज्यांनी लिहिली आणि ज्यांना आली त्यांपैकी कुणी हयात असेल तर आधी त्यांना विचारा. उघडताना घडीवर जोर देऊ नका, घडी तिथेच फाटते. सपाट करून जड पुस्तकाखाली दोन दिवस ठेवा आणि मग स्कॅन करा. पाकीट आणि पोस्टाचा शिक्काही स्कॅन करा, तारीख बहुधा तिथेच असते. स्टेपल आणि टाचण्या काढा, गंजाचे डाग पसरतात. मोडीतली कागदपत्रं निघाली तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकार भेटतील.

अंजिरी
ओसरीताई, ओळख-बैठकीच्या टेबलावर फराळ ठेवू नका. चकली आणि चिवड्याचं तेल बोटांवरून फोटोवर जातं, आणि छापलेल्या प्रती असल्या तरी माणसं आठवून आठवून कपाटातले मूळ फोटो मागतातच. दहाला चहा होऊ द्या, हात धुवा, मग बसा. आणि आत्यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवा, म्हणजे उजेड फोटोवर पडेल आणि डोळ्यांवर येणार नाही.

शुक्रवार_सकाळ
वहीत एक रकाना वाढवा : "कुणी सांगितलं". एकाच माणसाबद्दल काका एक नाव सांगतील, आत्या दुसरं. दोन्ही लिहा, पुढे सांगणाऱ्याचं नाव. चारला शेजारी आले की त्यांच्याकडून पडताळून घ्या.

ओसरी
रकाना आखला. भाचीने आत्ताच वहीला कव्हर घातलं आहे.